सकाळी रानपिंगळा, दुपारी पाड्यावर जेवण: तोरणमाळचा एक दिवस

नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळला कधी जायचं, असं मला दरवर्षी कोणीतरी विचारतं आणि बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं: पावसाळ्यात. धुकं, धबधबे, हिरवागार घाट. फक्त तेवढंच बघायचं असेल तर खुशाल पावसाळ्यात जा. पण रानपिंगळा हे दुर्मीळ घुबड बघायचं असेल आणि पावरा आदिवासींच्या घरी चार घटका बसायचं असेल, तर माझं उत्तर वेगळं आहे. महाशिवरात्र उलटू द्या. तिथे गोरखनाथाची यात्रा भरते, तेव्हा घाटात गाड्यांची रांग असते आणि डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते. ती गर्दी ओसरली की होळीपर्यंत जे पंधरा दिवस उरतात, त्यांतल्या दुसऱ्या आठवड्यातला एखादा दिवस धरा.

याची कारणं दोन. पहिलं पाखराचं. त्या सुमारास सागाची पानं गळालेली असतात, रान उघडं पडलेलं असतं आणि पिंगळ्याएवढं पाखरूही नजरेला सापडतं. दुसरं माणसांचं. दिवाळीनंतर इथल्या अक्राणी तालुक्यातली कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. पक्षी बघणारे मात्र नोव्हेंबर-डिसेंबरात येतात, आणि मग सांगतात की पाड्यावर कोणी नव्हतंच, म्हातारी माणसं तेवढी होती. मी सोळा वर्षं त्या डोंगरात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. डिसेंबरात माझा अर्धा वर्ग रिकामा असायचा. होळीच्या आधी तीच पोरं उसाच्या पाचटाने ओरबाडलेले हात घेऊन परत यायची आणि पाडा पुन्हा भरून जायचा. म्हणून हा आठवडा. पळस आणि काटेसावर फुललेली असते, आंब्याला मोहर असतो, दिवसा ऊन तापतं पण पहाट गारठ्याची असते.

माझं माहेर शहाद्याजवळ, घरची बोली अहिराणी. पहिल्यांदा डोंगरातल्या शाळेवर हजर व्हायला निघाले तेव्हा आईने दशम्या बांधून दिल्या आणि म्हणाली, "डोंगरमा पाव्हनी व्हईसन जाय, सायेब व्हईसन नको जाऊ." पुढे ज्यांना ज्यांना मी वर घेऊन गेले, त्या सगळ्यांना हे सांगितलं. ही सहल जमेल की फसेल, ते तुम्ही तिथे कोण म्हणून उतरता यावरच ठरतं.

निघण्याआधी

आठवडाभर आधी एक काम करा, त्याच्याशिवाय निघू नका. वाटाड्या ठरवा, आणि तो पाड्यावरचाच असू द्या. शहाद्याहून गाडीबरोबर येणारा माणूस रस्ता दाखवेल, रान दाखवणार नाही. तोरणमाळमध्ये किंवा आसपासच्या पाड्यांवर कोणी ओळखीचं नसेल तर आश्रमशाळेतले शिक्षक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील यांच्यापैकी कोणाशी तरी बोला. ते एखाद्या पोराचं नाव सुचवतील. सकाळी त्या पोराबरोबर रान फिरायचं आणि दुपारी त्याच्याच घरी जेवायचं. एकाच ओळखीत दोन्ही कामं होतात, आणि दुपारी तुम्ही त्या घरी परके म्हणून जात नाही. सकाळपासून त्यांच्या पोराबरोबर चाललेले असता, त्यामुळे दारात बोलायला विषयही असतो.

पैशांचं आधीच स्पष्ट बोला. वाटाड्याची दिवसाची मजुरी वेगळी आणि जेवणाचे पैसे वेगळे. शहाद्यात चांगल्या थाळीला माणशी जे देता त्याहून कमी देऊ नका, आणि ते घरच्या बाईच्या हातात द्या. रांधलेलं तिने असतं.

सहापेक्षा जास्त माणसं नकोत. दहा जणांची टोळी झाली की रानात पाखरू उडतं आणि पाड्यावर स्वयंपाकाचा भार एका बाईवर पडतो. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे, पायात बंद बूट, एक दुर्बीण, माणशी दोन लिटर पाणी. सकाळच्या न्याहारीला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या. दशमी दुधात मळलेली असल्यामुळे दिवसभर मऊ राहते आणि रानात बसून खायला भांडी लागत नाहीत. रोख पैसे सुटे ठेवा. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका.

घाट

बाहेरून येणाऱ्यांनी आदल्या रात्री शहाद्यात मुक्काम करावा. रेल्वेने आलात तर सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबारला उतरा. तिथून प्रकाशामार्गे शहादा. प्रकाशाला तापी आणि गोमाईचा संगम आहे, केदारेश्वराचं देऊळ आहे. संध्याकाळी पोचत असाल तर अर्धा तास थांबा.

शहाद्याहून तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पहाटे पावणेपाचला निघा. म्हसावदपर्यंत दोन्ही बाजूंना केळी, पपई, ऊस. शहादा-तळोदा तालुक्यांच्या या सपाटीवर सरदार सरोवरात गावं बुडालेल्या लोकांच्या वसाहतीही आहेत. नर्मदाकाठची माणसं, आता काळ्या मातीत कापूस पिकवतात. वर पाड्यावर गप्पा निघाल्या की कोणाची तरी बहीण, कोणाचे तरी मामा अशा एखाद्या वसाहतीत असल्याचं कळतं.

राणीपूर मागे पडलं की चढ लागतो. सातपायरी घाटातली वळणं नावाप्रमाणे पायरीवर पायरी चढवत नेतात. अंधारात गाडी हळू चालवा आणि हॉर्न वाजवू नका. ससे, रानमांजर, नशीब असेल तर भेकर दिव्यापुढून पळतं. बिबट्या, अस्वल, तरस या रानात आहेत, पण ते दिसतीलच अशा आशेने येऊ नका. सोळा वर्षांत मला बिबट्या दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा फक्त शेपूट. अस्वलाचे माग मात्र मोह गळायला लागला की झाडाखाली नेहमी दिसायचे. बायका पहाटे मोह वेचायला जाताना मोठ्याने बोलत जातात ते त्यासाठीच.

रानपिंगळा

आता ज्याच्यासाठी पहाटे उठलात त्याच्याबद्दल. हे पाखरू वीतभर, २३ सेंटिमीटरच्या आसपास. ह्यूम या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. जेम्स डेव्हिडसन नावाचा अधिकारी तेव्हा खानदेशात होता, त्याने शहादा भागातून काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र खात्रीचा एकही नमुना मिळाला नाही. मधल्या काळात एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ सालचा म्हणून गुजरातेतला एक नमुना दाखवला होता. तो खोटा निघाला. संग्रहालयातला डेव्हिडसनचाच जुना नमुना चोरून त्याने त्याला नवी चिठ्ठी लावली होती. त्या खोट्या चिठ्ठीमुळे लोक कित्येक वर्षं भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. ही लबाडी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघडकीला आणली. मग जुन्या खऱ्या जागांचा माग काढत त्या, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट असे तिघे शहाद्याच्या रानात आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी एका उघड्या झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी. तेव्हा आमचा जिल्हा धुळे होता. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी जुलैत झाला.

मला हे कळलं तेव्हा मी आधीच डोंगरात होते. शाळेच्या वाटेवर एका सागावर सकाळच्या उन्हात एक पिंगळा बसलेला असायचा, त्याच्याकडे मी साधा पिंगळा म्हणूनच बघायचे. जग ज्याला नामशेष समजत होतं तो हाच, हे समजलं त्या दिवशी वर्गात मी फळ्यावर त्याचं चित्र काढलं. चौथीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, बाई, पाय चुकले. याचे पाय पांढरे आणि जाड असतात. तो बरोबर होता.

तेव्हा ओळख त्या मुलाकडूनच शिका. साध्या ठिपकेवाल्या पिंगळ्याचं डोकं आणि पाठ पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली असते. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, करडं-तपकिरी, आणि अंगाच्या मानाने मोठं. चोच दणकट. छातीवर गडद पट्टा, खाली पोट पांढरंशुभ्र, शेपटीवर ठळक रुंद पट्टे, आणि पायांवर बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांचे जाड मोजे. अंगभर बारीक आडव्या रेघा दिसल्या तर तो जंगली पिंगळा, तिसराच.

तो दिवसा शिकार करतो, म्हणूनच तो तुम्हाला दिसू शकतो. सरडे, उंदीर, नाकतोडे. उजाडल्यानंतर तास-दोन तास उन्हाला बसणं त्याला आवडतं, तेव्हा साडेसहा ते नऊ हा तुमचा वेळ. दाट रानात शिरू नका. जिथे सागाचं विरळ रान संपतं आणि शेत सुरू होतं, त्या कडेने चाला. वाळलेल्या फांदीचे शेंडे एकेक करून दुर्बिणीतून बघा. शेपूट झटकून इकडून तिकडे हलवण्याची त्याला सवय आहे. फांदी स्थिर आणि टोकाला काहीतरी हलतंय असं वाटलं की थांबा. कोतवाल आणि बुलबुल एका जागी कलकलाट करत असतील तर तिकडे बघा, ते बहुधा पिंगळ्यावरच चिडलेले असतात. पन्नास पावलं चालायचं, पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. वाटाड्या बसला की तुम्हीही बसा.

कोणतं झाड, कोणती टेकडी, हे मी इथे लिहिणार नाही. ऑक्टोबरपासून मेपर्यंत त्याचा विणीचा काळ असतो आणि तो जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. जागा लिहिली की कॅमेरेवाल्यांची रीघ लागते. त्याच कारणाने मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. आवाज ऐकून त्याला वाटतं, दुसरा नर हद्दीत शिरला. तो ढोली सोडून भांडायला येतो आणि तेवढ्यात पिल्लं उघडी पडतात. वाटाड्याने उत्साहाने आवाज वाजवायला काढलाच तर नको म्हणा, आणि मजुरी पूर्ण द्या. वन्यजीव कायद्यात त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे.

घुबडाला अशुभ मानणं ही काही डोंगरातल्याच लोकांची गोष्ट नाही. माझी आजी शहाद्यात पिंगळा ओरडला की थू थू करायची. गंडेदोऱ्यांसाठी घुबडं मारलीही जातात, याचं मला फार दुःख आहे. शाळेत आम्ही मुलांना एक काम दिलं होतं: आपल्या शेताच्या बांधावर ढोली असलेली झाडं किती, ते मोजून आणायचं. मोजलेलं झाड मग तोडू द्यायचं नाही म्हणून पोरं घरी हट्ट करायची. तुमच्या वाटाड्याला विचारा, त्याच्या शेतात असं झाड आहे का. असेल तर तो आधी तेच दाखवेल.

पिंगळा दिसला नाही तरी सकाळ वाया जात नाही. सर्पगरुड, हळद्या, टकाचोर, सुतार, चाष, मोर यांच्यातलं बरंच काही दिसतं.

पाड्यावर

दहाच्या सुमाराला यशवंत तलावाच्या काठावर दशम्या खा, तोंड धुवा, कपडे झटका. मग पाड्याकडे चालत जा. गाडी दारापर्यंत नेऊ नका. काही वर्षांपूर्वी मी शहरातला एक गट घेऊन गेले होते. त्यांतल्या काहींनी चालत्या जीपमधून बिस्किटांचे पुडे उडवले. पोरं गाडीमागे धावली, माझ्याच शाळेतली तिसरीतली एक मुलगी खडीवर पडली आणि तिचा गुडघा फुटला. तिच्या आईने मला एक शब्दही विचारला नाही, नुसती बघत राहिली. ती नजर मी विसरलेले नाही. त्या दिवसापासून माझ्याबरोबर येणाऱ्यांना गाडी लांब ठेवावी लागते, आणि पोरांना काहीही वाटायचं नाही, चॉकलेट नाही, पैसे नाहीत. काही द्यायचंच असेल तर शाळेत गुरुजींना भेटून वह्या, गोष्टींची पुस्तकं द्या.

पावरा घरं एकमेकांना खेटून नसतात. ज्याचं शेत त्याचं घर, त्यामुळे एक पाडा अख्ख्या डोंगरउतारावर पसरलेला असतो. कुंपणापाशी थांबा आणि वाटाड्याला हाक मारू द्या, तो स्वतःच्या घरी जात असला तरी. आतून आवाज आल्यावर जा. राम राम म्हणा, जोहार म्हणा. अंगणात खाट टाकतील, पाणी देतील. पाण्याला नको म्हणू नका. लगेच कॅमेरा काढू नका. आधी पाऊस कसा झाला, मका किती झाला, ऊसतोडीला कोण गेलं होतं, हे विचारा. शेतकऱ्याच्या घरी शेतकऱ्यासारखं बोलावं.

घर आतून बघायला बोलावलं तर चपला बाहेर काढा. भिंती बांबूच्या, शेणामातीने लिंपलेल्या, वर कौलं. गुरं बहुधा त्याच छपराखाली, एका बाजूला. धान्याच्या कणग्या आणि देवाची जागा दिसेल. घरचे स्वतः दाखवत नाहीत तोवर तिकडे जाऊ नका, हात तर लावूच नका. बायका चुलीशी असतील तर बाईमाणसाने आत जाऊन भाकरी थापायला बसावं. मक्याची भाकर ज्वारीसारखी थापायला गेलात तर कडा फाटतात आणि सगळं घर हसतं. माझी पहिली भाकर अशीच फाटली होती. त्या हसण्यानंतर ओळख करून घ्यावी लागली नाही.

जेवणात भाकर, उडदाची डाळ, लाल मिरची, असली तर अंबाडीची भाजी. पोटभर खा, पण आधी वाढलं त्यातलं काही टाकू नका. मोहाची दारू पुढे आली तर समजून घ्या की ती तिथे देवाच्या आणि पितरांच्या कामाची वस्तू आहे. घरातला मोठा माणूस आधी जमिनीवर थोडी धार सोडतो. घ्यायची नसेल तर हात जोडून नको म्हणा, कोणी आग्रह करत नाही. घेऊन गोंधळ घालणाऱ्यांना मी परत कधी नेत नाही.

नाच दाखवा असं म्हणू नका. ढोल दारात लटकलेला असतो, मोठा, दोन्ही हातांत न मावणारा, आणि तो वाजवायचे दिवस ठरलेले असतात. होळी तोंडावर असल्याने पोरं संध्याकाळी स्वतःच सराव करतात. कानावर पडलं तर तुमचं भाग्य. होळीला कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप असा साज करून नवस फेडणारे नाचतात, ते व्रतस्थ असतात. त्या दिवसांत ते खाटेवर झोपत नाहीत, पाळणूक कडक असते. त्यांना ओढून सेल्फी काढणं म्हणजे गाभाऱ्यात शिरून देवाच्या गळ्यात हात टाकण्यासारखं आहे.

याच आठवड्यात ठिकठिकाणी भोंगऱ्या बाजार भरतात, धडगावचा मोठा. वेळ जुळली तर जरूर जा. पण त्याला पोरी पळवण्याची जत्रा म्हणणारे लेख वाचून येऊ नका. या गोष्टीचा तिथल्या माणसांना मनापासून राग आहे आणि तो रास्त आहे. तो होळीचा बाजार आहे. गूळ, डाळ्या, साखरेचे हार-कडे, नवे कपडे, चांदीची दुरुस्ती, ढोलाची दोरी. महिनोन्‌महिने ऊस तोडून आलेली माणसं आपल्या लोकांना भेटतात, ढोल वाजवतात. आपल्याकडे दिवाळीचा बाजार असतो तसाच.

निघताना काही विकत घ्या, आणि भाव करू नका. त्या दिवसांत उडीद, तीळ, मिरची, कुठे चारोळी मिळेल. गेल्या उन्हाळ्यातलं आमचूर शिल्लक असलं तर तेच घ्या. एप्रिल-मेमध्ये घरातली सगळी माणसं कैऱ्या सोलायला बसतात. सोललेल्या कैरीच्या फोडी उन्हात वाळवतात. फोड जितकी पांढरी तितका भाव चांगला, आणि एक अवकाळी सर आली की पांढऱ्याचं काळं होतं. शहाद्याच्या दुकानातल्या पुडीत हे काहीच कळत नाही.

तीनला निरोप घ्या. सीताखाई ही खोल दरी दहा मिनिटांत बघून होते. मावळतीला कड्यावर ऊन छान पडतं, पण त्यासाठी थांबू नका. जमीन इथे साडेअकराशे मीटरच्या आसपास उंच आहे, ऊन गेलं की झपाट्याने गार होतं, आणि घाट उजेडातच उतरलेला बरा.

फोटो काढताना घरच्यांना विचारलं असेलच. त्यांना पाठवतो म्हणालात ना? मग मोबाइलवर नाही, कागदावर पाठवा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरात तिच्या आज्याचा एकच फोटो आहे, मी काढून दिलेला, आणि तो गेल्यावर त्याच फोटोला हार घातला. आठवड्याच्या आत धुवून घ्या, पाकिटावर पाड्याचं आणि घरच्या माणसाचं नाव मराठीत मोठ्या अक्षरात लिहा, आणि शहाद्यात तोरणमाळला जाणाऱ्या जीपवाल्याच्या हातात द्या. दुसऱ्या दिवशी पोचतं.